'जाऊन येतो' म्हणता ना? मग रोजची जपानी क्रियापदं तुम्हाला वाटतात तितकी परकी नाहीत

सकाळी घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो, नाहीतर 'जाऊन येतो'. 'जातो' म्हटलं की आजी लगेच टोकते. आतून उत्तर येतं, 'जाऊन या'.

जपानी घरातही निघणारा माणूस म्हणतो, 'इत्ते किमास'. 'इत्ते' म्हणजे जाऊन आणि 'किमास' म्हणजे येतो. घरातला माणूस उत्तर देतो, 'इत्ते राश्शाइ', म्हणजे जाऊन या. शब्दाला शब्द जुळतो. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे वाक्य पाठ करावं लागतं, मराठी माणसाला ते ऐकताक्षणी कळतं.

अशी बरीच क्रियापदं आहेत. गंमत म्हणजे, बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बहुतेकजण जपानी शिकतात ती इंग्रजी पुस्तकातून, इंग्रजी ॲपवरून. म्हणजे हाताशी असलेला जवळचा रस्ता सोडून वळसा घालून. तर आज हा जवळचा रस्ता बघू आणि त्यावरचे खड्डेही.

हे आत्ताच का?

जपानी शिकणारे पूर्वी मुख्यतः ॲनिमेचे चाहते आणि आयटीवाले होते. आता त्यात नोकरीसाठी जपानला जाऊ पाहणारी मुलंमुली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपानने 'विशेष कौशल्य कामगार' योजनेसाठी करार केला. वृद्धांची देखभाल, शेती, बांधकाम, हॉटेल अशा क्षेत्रांत त्यातून काम मिळू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी जपानला गेले, तेव्हा पुढच्या ५ वर्षांत भारतातून ५०,००० कुशल लोक जपानला जातील असं उद्दिष्ट दोन्ही देशांनी जाहीर केलं.

या व्हिसासाठी कामाच्या परीक्षेसोबत भाषेची परीक्षाही द्यावी लागते. एकतर जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा जपान फाउंडेशनची जेएफटी-बेसिक. वृद्धांच्या देखभालीच्या कामाला भाषेची आणखी एक वेगळी परीक्षा असते. जेएलपीटीत एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड. ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि मुंबई हे तिचं एक केंद्र आहे.

मेख अशी आहे की जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. पर्याय निवडायचे, वाचायचं, ऐकायचं. त्यामुळे प्रमाणपत्र हातात असूनही मुलाखतीत तोंड उघडत नाही असं होऊ शकतं. आणि बोलताना गाडी अडते ती बहुतेक वेळा क्रियापदावर.

वाक्याची पटरी एकच

'मी रोज बोरिवलीहून अंधेरीपर्यंत ट्रेनने जातो.' हे जपानीत असं होतं:

वाताशि वा माइनिचि बोरिबारि कारा आन्देरि मादे देन्शा दे इकिमास.

मी – वाताशि वा. रोज – माइनिचि. हून – कारा. पर्यंत – मादे. ट्रेन – देन्शा. ने – दे. जातो – इकिमास. क्रम जसाच्या तसा. प्रत्ययही नामाच्या मागे आणि क्रियापद शेवटी. (बोरिवलीचं बोरिबारि झालं, कारण जपानीत 'ल' नाही आणि 'व' चा बऱ्याचदा 'ब' होतो. मुलुंडचं मुरुन्दो होतं.)

प्रश्न विचारायचा असेल तर? 'जेवलात का?' याला जपानी माणूस म्हणतो, 'ताबेमाशिता का?' शेवटी चक्क 'का'. दोन्ही भाषांचं नातं नाही, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला याहून सोपं काय असणार?

उच्चाराची एक गोष्ट इथेच सांगून टाकू. 'मास' लिहिताना जपानीत 'मासु' असं लिहितात, पण शेवटचा 'उ' जवळपास ऐकूच येत नाही. आणि 'त्सु' हा उच्चार इंग्रजी शिकलेल्यांना जड जातो, आपल्याला नाही. 'चूल' आणि 'चूक' मधला 'चू' म्हणा, की झाला.

लिंग नाही, वचन नाही, 'मी-तू-तो' पण नाही

तो गेला, ती गेली, ते गेले, मी गेलो, आम्ही गेलो. या सगळ्यांसाठी जपानीत एकच शब्द: इकिमाशिता. सभ्य बोलण्यात प्रत्येक क्रियापदाची चार रूपं आली की रोजचं बरंचसं काम भागतं:

- इकिमास – जातो, जाईन
- इकिमासेन – जात नाही, जाणार नाही
- इकिमाशिता – गेलो
- इकिमासेन देशिता – गेलो नाही

भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही. 'आशिता इकिमास' म्हणजे उद्या जाईन. आपणही 'उद्या जातो' म्हणतोच की.

यातलं 'नाही' शेवटी येतं हे विसरू नका. आजोबांनी औषध घेतलं की नाही, हे 'नोमिमाशिता' (घेतलं) आणि 'नोमिमासेन देशिता' (घेतलं नाही) यांच्या शेपटीत ठरतं. देखभालीच्या कामात हा फरक कानाला पक्का लागतो. जपानी माणसाचं वाक्य संपेपर्यंत मान डोलवायची नाही, हा पहिला धडा.

तीन गट, बस

जपानी क्रियापदं तीन गटांत बसतात.

पहिला गट: शेवटचा 'उ' बदलून 'इ' होतो आणि 'मास' लागतो. नोमु (पिणे) – नोमिमास. काकु (लिहिणे) – काकिमास. हानासु (बोलणे) – हानाशिमास. मात्सु (वाट पाहणे) – माचिमास. काउ (विकत घेणे) – काइमास.

दुसरा गट: शेवटचा 'रु' काढायचा, 'मास' लावायचा. ताबेरु (खाणे) – ताबेमास. मिरु (पाहणे) – मिमास. ओकिरु (उठणे) – ओकिमास. नेरु (झोपणे) – नेमास.

तिसरा गट: फक्त दोन क्रियापदं. सुरु (करणे) – शिमास. कुरु (येणे) – किमास.

ओळखायचं कसं? शेवटी 'रु' असेल आणि त्याच्या आधी 'इ' किंवा 'ए' चा उच्चार असेल, तर शक्यतो दुसरा गट. बाकी सगळी पहिल्या गटात. काही क्रियापदं मात्र फसवतात. काएरु (घरी परतणे), हाइरु (आत जाणे), शिरु (कळणे), हाशिरु (धावणे) आणि किरु (कापणे) ही दिसायला दुसऱ्या गटातली, पण आहेत पहिल्या गटातली. म्हणून काएरिमास, हाइरिमास, किरिमास. त्यात 'अंगात घालणे' यालाही 'किरु'च म्हणतात आणि ते खरंच दुसऱ्या गटात आहे: किमास. आणि 'येतो' पण 'किमास'. हे संदर्भानेच कळतं.

'सुरु' मात्र आपलं लाडकं. नामापुढे 'करणे' लावून आपण जसं क्रियापद बनवतो, अगदी तसंच: बेन्क्योओ सुरु – अभ्यास करणे. देन्वा सुरु – फोन करणे. सोओजि सुरु – साफसफाई करणे. शिन्पाइ सुरु – काळजी करणे. रेन्राकु सुरु – संपर्क करणे.

खरी चावी: आपला 'ऊन' म्हणजे त्यांचा 'ते'

क्लासमध्ये 'ते-रूप' आलं की अनेकजण गळपटतात. इंग्रजीत त्याला नीट जोडीदार नाही. मराठीत आहे: करून, जाऊन, खाऊन मधला 'ऊन'.

आधी ते बनवायचं कसं ते बघू. दुसऱ्या गटात सोपं आहे, 'रु' च्या जागी 'ते': ताबेते, मिते. तिसऱ्यात शिते आणि किते. पहिल्या गटात शेवटच्या अक्षरावर ठरतं:

- उ, त्सु, रु – 'त्ते': कात्ते, मात्ते, नोत्ते
- मु, बु, नु – 'न्दे': नोन्दे, योन्दे
- कु – 'इते': काइते
- गु – 'इदे': ओयोगु (पोहणे) – ओयोइदे
- सु – 'शिते': हानाशिते

अपवाद एकच: इकु चं 'इत्ते' होतं.

आता मजा बघा. मराठीत आपण 'ऊन' च्या पुढे दुसरं क्रियापद लावून अर्थाला छटा देतो. जपानीही तेच करते आणि कितीतरी ठिकाणी जोडक्रियापदसुद्धा तेच असतं:

- ताबेते मिरु – खाऊन बघणे (मिरु म्हणजे बघणे)
- कात्ते ओकु – विकत घेऊन ठेवणे (ओकु म्हणजे ठेवणे)
- मोत्ते इकु – घेऊन जाणे
- मोत्ते कुरु – घेऊन येणे
- ताबेते शिमाउ – खाऊन टाकणे

शेवटच्या 'शिमाउ'त हळहळही असते. 'वासुरेते शिमाइमाशिता' म्हणजे 'विसरून बसलो'. नुसतं 'विसरलो' म्हणण्यात आणि 'विसरून बसलो' म्हणण्यात जो फरक आपल्याला न शिकवता कळतो, तोच हा. इंग्रजी पुस्तकं यासाठी परिच्छेद खर्च करतात.

बोरिवली ते घाटकोपर: एका दिवसाची क्रियापदं

यादी पाठ करण्यापेक्षा स्वतःचा दिवस सांगायला शिका. समजा, तुम्ही बोरिवलीला राहता आणि ऑफिस घाटकोपरला आहे.

- ६ वाजता उठतो: रोकुजि नि ओकिमास
- चहा पितो: ओचा ओ नोमिमास
- घरातून बाहेर पडतो: इए ओ देमास (देरु)
- ट्रेनमध्ये चढतो: देन्शा नि नोरिमास (नोरु)
- अंधेरीला मेट्रोसाठी गाडी बदलतो: आन्देरि दे नोरिकाएमास (नोरिकाएरु)
- घाटकोपरला उतरतो: गातोकोपारु दे ओरिमास (ओरिरु)
- ऑफिसात काम करतो: काइशा दे हाताराकिमास (हाताराकु)
- घरी परततो: उचि नि काएरिमास (काएरु)
- झोपतो: नेमास (नेरु)

'नोरिकाएरु'मध्ये 'नोरु' म्हणजे चढणे आणि 'काएरु' म्हणजे बदलणे. वर आलेला 'परतणे' अर्थाचा काएरु वेगळा. आणि 'ट्रेनमधून उतरणे' म्हणताना जपानीत 'देन्शा ओ ओरिरु' असं 'ओ' लागतं. आपल्या 'मधून'चं भाषांतर करायला जाऊ नका.

आता हाच दिवस 'ते' ने जोडा: 'ओकिते, ओचा ओ नोन्दे, इए ओ देमास'. उठून, चहा पिऊन, घराबाहेर पडतो.

मराठी माणूस कुठे फसतो?

जवळचा रस्ता म्हटलं की माणूस बेफिकीर होतो. हे खड्डे लक्षात ठेवा.

फोनवर 'आलो आलो': खालून कोणी हाक मारली की आपण 'येतो' म्हणतो. ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार करतो. जपानी माणूस स्वतःच्या जागेवरून बोलतो, म्हणून म्हणतो 'इमा इकिमास', म्हणजे शब्दशः 'आत्ता जातो'. तुम्ही 'किमास' म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल. 'इत्ते किमास'मध्ये 'येतो' चालतं, कारण आपण निघालो त्याच जागी परत येणार असतो.

'आहे' दोन आहेत: मांजर आहे – नेको गा इमास. छत्री आहे – कासा गा आरिमास. माणसं आणि प्राणी यांना 'इरु', वस्तूंना 'आरु'. झाडही 'आरु'मध्येच जातं. स्वतःच्या हालचालीने फिरणारं ते 'इरु', असं धरून चाला.

'घालणे' एक नाही: शर्ट – शात्सु ओ किरु. बूट किंवा पँट, म्हणजे पायातून चढवायचं ते – हाकु. टोपी – काबुरु. चष्मा – काकेरु.

औषध 'पितात': कुसुरि ओ नोमु. गोळी असली तरी 'नोमु'च.

'देणे' कुणाकडून कुणाला: मी मित्राला पुस्तक दिलं – आगेमाशिता. मित्राने मला दिलं – कुरेमाशिता. मला मित्राकडून मिळालं – मोराइमाशिता. मराठीत 'दिलं' दोन्हीकडे चालतं, जपानीत दिशा बदलली की क्रियापद बदलतं. कर्ता गाळायची जपानी सवय याच जोरावर चालते. 'कुरेमाशिता' म्हटलं की 'मला' किंवा 'आमच्या माणसाला' हे सांगावंच लागत नाही.

'करत आहे' की 'झालं आहे': 'ते-इरु' हे रूप बऱ्याचदा 'करतोय' असं शिकवतात. ताबेते इमास – खातोय. बरोबर. पण 'केक्कोन शिते इमास' म्हणजे 'लग्न करतोय' नव्हे, 'लग्न झालेलं आहे'. 'बसला आहे' म्हणताना आपण जशी पुरी झालेली क्रिया सांगतो, तसंच. मी मुलुंडला राहतो – मुरुन्दो नि सुन्दे इमास. मला माहीत आहे – शित्ते इमास. माहीत नाही मात्र – शिरिमासेन. मुलाखतीत ही तीनही वाक्यं हमखास लागतात.

थांबलं की थांबवलं?

कामाच्या जागी सगळ्यात महागात पडू शकणारी जोडी ही. मराठीत तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, थांबणे-थांबवणे अशा जोड्या आहेत. जपानीतही आहेत:

- तोमारु – थांबणे, तोमेरु – थांबवणे
- कोवारेरु – मोडणे, कोवासु – मोडून टाकणे
- ओचिरु – पडणे, ओतोसु – पाडणे
- शिमारु – बंद होणे, शिमेरु – बंद करणे

'किकाइ गा तोमारिमाशिता' म्हणजे मशीन थांबलं. 'किकाइ ओ तोमेमाशिता' म्हणजे मी मशीन थांबवलं. सुपरवायझरला दुसरं वाक्य ऐकवलंत तर पुढचा प्रश्न येईल, 'का थांबवलं?' इथे 'गा' आणि 'ओ'वरही लक्ष हवं. आपोआप घडलं की 'गा', कुणी घडवलं की 'ओ'. जपानमधल्या ट्रेनमध्ये दार बंद होताना 'दोआ गा शिमारिमास' असं ऐकू येतं, ते यामुळेच.

ॲनिमेची जपानी ऑफिसात नको

ॲनिमे बघून कान तयार होतो, हे खरं. पण तिथली पात्रं मित्राशी किंवा शत्रूशी बोलत असतात. 'खा' हे एकच सांगणं कसं बदलतं बघा:

- ताबेरो – खा! (हुकूम)
- ताबेते – खा ना (मित्राला, घरच्यांना)
- ताबेते कुदासाइ – खा तुम्ही, प्लीज
- मेशिआगात्ते कुदासाइ – आपण घ्यावं

आपल्याकडे 'तू, तुम्ही, आपण' आहे, त्यामुळे ही उतरंड नवी नाही. फरक इतकाच की जपानीत 'तुम्ही' हा शब्द फारसा वापरतच नाहीत, सगळा मान क्रियापदात असतो. आणि सर्वात वरच्या पातळीवर क्रियापदच बदलतं. पाहुण्याचं खाणं 'मेशिआगारु', स्वतःचं घेणं 'इतादाकु'. जेवणाआधी म्हणतात ते 'इतादाकिमास' यातलंच. नवख्याने सगळीकडे 'मास' वापरावं. मित्रासमोर थोडं औपचारिक वाटेल, पण कुणी दुखावणार नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिलं काम, हिरागाना लिपी शिका. इथे सोयीसाठी देवनागरी वापरली आहे, पण परीक्षेत ती नसेल.

मग रोज तीन क्रियापदं घ्या. प्रत्येकाची पाच रूपं तोंडाने म्हणा: मास, मासेन, माशिता, मासेन देशिता आणि ते. नोमिमास, नोमिमासेन, नोमिमाशिता, नोमिमासेन देशिता, नोन्दे. अंधेरी ते घाटकोपर मेट्रोच्या प्रवासात हे आरामात होतं.

क्रियापद कधीच एकटं पाठ करू नका. 'नोरु' नाही, 'देन्शा नि नोरु'. 'वाकारु' (समजणे) नाही, 'निहोन्गो गा वाकारिमास'. हे शेवटचं वाक्य 'मला जपानी समजते' सारखंच आहे: मराठीतही समजते ती जपानी, 'मी' नाही. म्हणून तिथे 'ओ' नाही, 'गा'.

आणि कुणीतरी बोलायला शोधा. क्लासमधला मित्र, बहीण, कुणीही. रोज रात्री पाच वाक्यांत दिवस सांगायचा, त्यांनी 'का' लावून एक प्रश्न विचारायचा. मुलाखत घेणाराही साधारण एवढंच विचारतो: कुठे राहता, काय करता, काल काय केलंत.

उद्या सकाळी घरातून निघताना 'इत्ते किमास' म्हणून बघा. घरचे विचारतील, हे काय नवीन? त्यांना 'इत्ते राश्शाइ' म्हणायला शिकवा, की दोघांचं एक वाक्य झालं.